पदुमनिकेची पोढी

मांदाडजवळच्या कुड्याच्या टेकडीवर चढताना यंदा मला तीनदा बसावे लागले. आणि खाली राजपुरीच्या खाडीत भरतीचे पाणी तिवरांच्या मुळांत शिरत असताना असे वाटले की, पावले मंदावली म्हणूनच हे दृश्य आज एवढा वेळ माझ्यापाशी थांबले.

येथील २६ लेण्यांतले शिलालेख म्हणजे सातवाहनकाळाचे एक अपूर्व दफ्तर होय. माळी, वैद्य, कऱ्हाडचा लोखंडाचा व्यापारी असे दाते तेथे नावनिशीवार हजर आहेत, आणि शेरा बहुधा एकच: ‘देयधम’, म्हणजे धर्मार्थ दान. माझे मन मात्र खिळते ते पदुमनिका नावाच्या प्रव्रजितेच्या, म्हणजे संन्यास घेतलेल्या भिक्षुणीच्या, लेखापाशी. तिने लेणे दिले आणि पोढी, म्हणजे पाण्याचे टाके, दिले. लेखात मागे आई नागनिका, तीही प्रव्रजिता, आणि सोबत बोधी व असाळमिता या अंतेवासिनी, म्हणजे शिष्या. घरदार सोडलेल्या स्त्रीने आपले वारस असे मांडावेत, याचे मला फार अप्रूप वाटते.

कारण मृत्युपत्राचा मसुदा मीही नुकताच केला आहे. वाडीतील कोणते माड कोणाचे, विहिरीचे पाणी कोणत्या वारी कोणी घ्यायचे, हे कलमवार लिहिताना आपण देत आहोत असे वाटत होते; वस्तुतः मरणानंतरही मिळकतीवर हात ठेवण्याची ती तजवीज होती. पालीत ‘उपादान’ म्हणजे धरून ठेवणे, आणि सरपणही. हे धरणेच आगीला पुरवले जाते, असा बुद्धविचार.

पदुमनिकेचा हात सुटलेला आहे. तिच्यानंतर काही शतकांनी याच लेण्यांच्या जुन्या भिंतींवर कोणी नव्या बुद्धमूर्ती कोरल्या. अक्षरांच्या कडा पावसाने इतक्या मऊ झाल्या आहेत की, बोटाला खाच लागते की दगडाचा नुसता खडबडीतपणा, हे कळत नाही. ही झीज मला विद्रूप वाटत नाही. जपून ठेवलेल्या वस्तूला हे देखणेपण येत नसावे.

पाण्याचा हक्क कोणाचा, हा प्रश्न येथून फार दूर नसलेल्या महाडला, चवदार तळ्याच्या काठी, २० मार्च १९२७ रोजी डॉ. आंबेडकरांनी ओंजळभर पाणी पिऊन विचारला. पुढे १९५६ साली ते बुद्धाकडे वळले. हे आठवत लेण्याच्या टाक्यापाशी मी ओणवा झालो. पाणी काळेशार, स्थिर होते आणि त्यावर एक पिकले पान तरंगत होते.

घरी परतल्यावर मसुद्यातील विहिरीचे वार मी खोडले, आणि तेथे ‘येईल त्याने घ्यावे’ असे लिहिले.