बाहेरच्या पायावर

सह्याद्रीत भटकलेला माणूस गुलमर्गच्या बर्फावर पहिल्यांदा स्की बांधून उभा राहतो, तेव्हा त्याला त्याची जुनी सवयच नडते. घसाऱ्यावरून उतरताना आपण टाचा रोवतो, अंग मागे टाकतो, वेळ पडली तर सरळ बसून घेतो. तिथे ते बरोबरच असतं. स्कीवर मात्र अंग मागे गेलं की वजन स्कीच्या शेपटाकडे जातं आणि पुढची टोकं हलकी होतात. वळण सुरू होतं ते टोकांकडून. टोकंच बर्फाला धरत नसतील तर स्की वळणार कशी? ती सरळ खाली सुटते. मग माणूस आणखी घाबरतो आणि आणखी मागे जातो. बेबी स्लोपवर दिवसभर प्रशिक्षकांचा एकच पुकारा चालू असतो: ‘आगे झुको, आगे!’

हे झुकणं घोट्यातून व्हावं लागतं. बहुतेकजण कंबरेतून वाकतात. त्याने डोकं पुढे जातं खरं, पण बूड मागे येतं आणि हिशेब होता तिथेच राहतो. नडगी बुटाच्या जिभेला टेकलेली हवी. स्कीचा बूट टणक प्लास्टिकचा, पायाला शिक्षा वाटावी असा; पण तो इमानदार असतो. नडगीवरचा दाब जाणवेनासा झाला की समजावं, आपण मागे गेलो.

पुढचा धडा बाहेरच्या पायाचा. डावीकडे वळायचं तर भार उजव्या पायावर. ऐकायला सोपं आहे, पण वळण पूर्ण होत येतं तसा हा बाहेरचा पाय दरीच्या बाजूला येतो, आणि दरीकडे भार द्यायला शरीर तयारच नसतं. ते डोंगराला बिलगू पाहतं. भार आतल्या पायावर जातो आणि मोकळी झालेली बाहेरची स्की फरफटत निघते. खरं तर गुडघे आणि कंबर डोंगराकडे कलायला हवेत आणि खांदे बाहेरच्या स्कीवर राहायला हवेत. यासाठी मला सर्वांत आवडतो तो एक साधा व्यायाम: आतल्या स्कीचं टोक बर्फावर ठेवायचं, शेपूट किंचित उचलायचं आणि तसंच वळण पुरं करायचं. भार बाहेर असेल तर शेपूट आरामात अधांतरी राहतं. नसेल तर ते तत्क्षणी आपटतं. प्रशिक्षकाने सांगायची गरजच उरत नाही. आणखी एक कळतं: प्रत्येकाची एक बाजू कच्ची असते. उजवीकडे झोकात वळणारे डावीकडे वळताना लाकडासारखे ताठ होतात.

नव्वदच्या दशकात स्कीचा आकार बदलला. आधीच्या स्की जवळपास सरळ आणि माणसाहून लांब असत. नव्या आखूड, कंबरेत बारीक, टोकाला आणि शेपटाला रुंद. अशी स्की धारेवर कलती करून तिच्यावर भार दिला की ती वाकते आणि आपण होऊन कमान कापत जाते. ‘आता काय, स्कीच वळवते’ असं म्हणणारे पुष्कळ भेटतात. ते अर्धंच खरं आहे. स्की वळवते, पण तिच्यावर नीट उभ्या राहिलेल्याला. टंगमर्गचा स्कीपटू आरिफ खान गुलमर्गच्या याच उतारांवर घडला आणि 2022 च्या बीजिंग ऑलिंपिकमध्ये जायंट स्लॅलम या वळणांच्या शर्यतीत 45 वा आला. अशा शर्यतींचं चित्रीकरण हळू करून पाहावं: बाहेरचा पाय लांब, जवळपास सरळ, आतला गुडघ्यात चांगलाच दुमडलेला, आणि छाती वळणाच्या मागे न फिरता उताराकडेच रोखलेली.

छातीची ही शिस्त सर्वांत उशिरा येते. वळणाच्या मध्यावर एक क्षण दोन्ही स्की थेट खाली रोखलेल्या असतात. तो क्षण सोसवत नाही म्हणून लोक खांदा गर्रकन फिरवून वळण उरकतात. त्याने स्की फिरते, पण धार सुटते. खाली आल्यावर आपलाच माग पाहावा. दोन बारीक समांतर रेघा दिसल्या तर स्की धारेवर होती; बर्फ रुंद खरवडला गेला असेल तर ती घसरत आली. घसरणं वाईट नव्हे, वेग मारायला ते यावंच लागतं. पण ते ठरवून झालेलं असावं.

हे सगळं सौम्य उतारावर, हळू वेगात शिकायचं असतं. तीव्र उतारावर माणूस फक्त तग धरतो, शिकत काही नाही. आपल्याकडून जाणारे बरेचजण तिसऱ्या दिवशीच गोंडोलाने, म्हणजे रोपवेने, वर अफरवाट डोंगरावर निघतात. वरचा तो भाग सुमारे 3,950 मीटरवर आहे. तिथे यंत्राने दाबून सारखा केलेला बर्फ नाही आणि हिमस्खलनाचा धोका खरा आहे. तेव्हा एवढं ऐका: बेबी स्लोपवर दोन्ही बाजूंची वळणं सारखी जमेपर्यंत वरचं तिकीट काढू नका.