दादरमार्गे अंधेरी

आमच्या दादा-वहिनींचा संसार मुलुंडला आणि नोकऱ्या दोघांच्याही अंधेरीला. नकाशात पाहाल तर ही दोन उपनगरे काही फार लांब नाहीत. पण रेल्वेने जायचे म्हणजे आधी खाली दादरपर्यंत यायचे, पूल ओलांडून पश्चिम रेल्वेची गाडी गाठायची आणि पुन्हा वर अंधेरीपर्यंत चढायचे. वीस वर्षे हा द्राविडी प्राणायाम दोघांनी जोडीने केला. त्यामुळे दोघे एकाच वळणाची, असा आमचा सगळ्यांचा समज होता.

मग ८ जून २०१४ रोजी, रविवारी, वर्सोवा-अंधेरी-घाटकोपर मेट्रो सुरू झाली. १२ स्थानके आणि सगळा मिळून प्रवास २१ मिनिटांचा. सोमवारी सकाळी वहिनी घाटकोपरला उतरल्या. दादा मात्र डब्यातच बसून राहिला आणि दादरला गेला!

घरात थट्टेला ऊत आला. पण मला खरे नवल वाटले ते वेगळ्याच गोष्टीचे. एकच गाडी, एकच पूल, एकच वेळ. वीस वर्षांत बाहेरून कोणालाही पत्ता लागला नसता की ही दोन माणसे दोन निराळ्या रीतींनी दादरला जात होती. दादाला दादर पावले होते, म्हणून तो जाई. वहिनींच्या डोक्यात सगळ्या मुंबईचा नकाशा होता आणि त्यात तूर्त दादरची वाट बरी होती, इतकेच. बसायला जागा मिळावी म्हणून ठाण्यापर्यंत उलट्या जाणाऱ्यांतल्या त्या. कांदिवली-मालाडची माणसे बोरिवलीला जातात ना, तशा.

मानसशास्त्रात हे भांडण जुने आहे. १८९८ साली थॉर्नडाइकने मांजरांना पेटीत कोंडले. सुटकेची कळ दाबली की बाहेर अन्न. जी हालचाल फळाला आली ती मांजराच्या अंगवळणी पडत गेली. शिकणे म्हणजे एवढेच, असे पुष्कळांना वाटले. पुढे टोलमनने उंदरांवर प्रयोग केले आणि १९४८ साली लिहिले की उंदीर नुसती वळणे पाठ करीत नाही, तो जागेचा नकाशा मनात बांधतो. मांजर आमचा दादा आणि उंदीर वहिनी, असे मी घरी म्हणालो असतो तर दिवाळीचा फराळ मला मिळाला नसता.

दादाने मेट्रो करून पाहिली नाही असे नाही. पहिल्याच आठवड्यात एकदा तो वहिनींबरोबर गेला. घाटकोपरच्या पुलावर गर्दीत छत्रीच्या काड्या मोडल्या आणि कचेरीला उशीर झाला तो वेगळाच. झाले! त्या वाटेवर फुली पडली. वहिनींनीही तेच धक्के खाल्ले होते. "नवलाईची गर्दी आहे, ओसरेल," एवढे म्हणून त्यांनी तो दिवस हिशेबातून वगळला. नुकसान दोघांचे सारखे, पण एकाने ते वाटेच्या खाती मांडले आणि दुसरीने दिवसाच्या.

२०११ साली नॅथॅनियल डॉ आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी माणसांना असाच एक दुपेडी खेळ दिला. पहिल्या निवडीतून सहसा एका ठिकाणी पोचायचे, क्वचित दुसऱ्या. समजा, क्वचितच्या वाटेने जाऊन बक्षीस लागले, तर पुढच्या खेपेला काय कराल? दादा तीच निवड पुन्हा करील. वहिनी म्हणतील, ते ठिकाण तर सहसा दुसऱ्या निवडीने लागते, मग मी ती घेते. खेळणाऱ्यांत दोन्ही रीतींचे मिश्रण निघाले. दोन वर्षांनी आणखी एका प्रयोगात खेळता खेळता डोक्याला दुसरे एक काम लावून दिले, तेव्हा माणसे नकाशा सोडून पाठ झालेल्या वाटेकडे वळली.

हे वाचले तेव्हा मला दादाची ती पावसाळ्यातली मुद्रा आठवली. त्या वर्षी त्याच्या कारखान्यात माणसे कमी करणार अशी कुणकुण होती. मुलाचे कॉलेज नुकतेच सुरू झाले होते. त्याने हे घरात कोणाला सांगितले नव्हते, वहिनींनाही नाही. गणपतीत एकदा मी त्याला छेडले तेव्हा तो एवढेच म्हणाला, "अरे, दादरला उतरलो की पाय आपले आपण चालतात. तेवढीच डोक्याला सुट्टी." मला त्यावेळी हे आळसाचे समर्थन वाटले नाही आणि आजही वाटत नाही. दमलेल्या माणसाला रोज नवा हिशेब कोठून परवडावा?

दिवाळीनंतर यादी लागली. दादाचे नाव तीत नव्हते. त्या रात्री त्याने वहिनींना सगळे सांगितले आणि वहिनी त्याच्याशी दोन दिवस बोलल्या नाहीत.

पुढच्या सोमवारी तो त्यांच्यामागोमाग घाटकोपरला उतरला. या दोन गोष्टींचा उगाच संबंध लावू नका, असे तो बजावतो. त्याच्या मते मेट्रोची गर्दी तोवर ओसरली होती. ती मुळीच ओसरली नव्हती. वहिनी साक्षीला आहेत.