गाडीचं पॉलिश : आधी न्हाणं, मग मशीन

पितळेची समई चिंच-राखेनं घासावी, चांदीला मात्र राख लावू नये, हे आपल्याला कुणी मुद्दाम शिकवत नाही. आई करत असते, आपण बघत असतो. आणि मुलामा दिलेलं तबक असेल, तर हात आणखी हलका. कारण मुलामा गेला की खालचं तांबं डोळे वटारून बघायला लागतं. एवढी अक्कल आपल्या हातांत असते, पण दारात चारचाकी आली की आपण मागे सरतो. गाडी हे पुरुषांचं खातं, असं कुणीतरी कधीच ठरवून टाकलेलं असतं ना! मैत्रिणींनो, गेल्या हिवाळ्यात मी ह्या खात्यात थोडा हात घातला. त्याचा हा हिशेब.

आमचं घर चंद्रपूरला. ह्यांची नोकरी कोळशाच्या खाणीवर, आणि माझं सासर अहेरीकडचं. म्हणजे आठवडाभर गाडी खाणीच्या आवारात काळी होते आणि सणावाराला आष्टी-आलापल्लीच्या रस्त्यानं गेलं, की लोहखनिजाच्या ट्रकांमागची लाल धूळ अंगावर घेऊन परत येते. गडचिरोली जिल्हा १९८२ साली चंद्रपूरपासून वेगळा झाला. आमच्या बॉनेटवर मात्र दोन्ही जिल्हे अजून एकत्रच नांदतात! वर आणखी उन्हाळ्यात सासरच्या अंगणातल्या मोहाची चिकट फुलं, आणि पावसाळ्यात रात्रीच्या प्रवासात समोर आपटलेले किडे.

गाडी दहा वर्षांची, गडद निळ्या रंगाची. दिवाळीपर्यंत ती निळी कमी आणि राखाडी जास्त दिसायला लागली होती. एका गॅरेजात दाखवली. मालकांनी दुरूनच निकाल दिला, "रंग मेला साहेब. पूर्ण गाडी रंगवून घ्या." त्यांनी सांगितलेला आकडा आणि लेकीच्या नागपूरच्या वसतिगृहाची वर्षाची फी, दोन्ही जवळपास सारखेच. जूनमध्ये तिला पाठवायचं ठरलेलं. दोन्ही खर्च पेलणारे नव्हते. हे म्हणाले, "गाडी विकून टाकू." विकायला बघितली, तर घेणारा त्याच रंगाकडे बोट दाखवून भाव पाडायचा. आणि गाडी विकल्यावर सासूबाईंना दर महिन्याला अहेरीहून इथं डॉक्टरांकडे आणायचं कशानं?

मी म्हटलं, रंग मेलाय की नुसता मळलाय, हे तर आधी बघू या.

हे बघायला यंत्र लागत नाही. गाडी धुऊन सावलीत घ्या. रंगाचे पापुद्रे सुटलेत का, सालपट निघाल्यासारखे पांढरे चट्टे पडलेत का, ते बघा. तसं असेल, तर पॉलिशनं काही होणार नाही, तिथं रंगारीच हवा. पापुद्रे नसतील, तर अंधारात टॉर्चचा झोत टाका. प्रकाशाभोवती कोळ्याच्या जाळ्यासारख्या बारीक गोल रेघा दिसल्या, तर रंग जिवंत आहे. त्याच्यावर फक्त हजारो ओरखडे पडलेत. उजेड त्यात अडकून इकडेतिकडे पसरतो, म्हणून रंग फिका वाटतो. ओरखड्यावरून हळूच नख फिरवा. नख अडकलं, तर तो खोल आहे, त्याच्या नादी लागू नका. नुसतं सरकलं, तर तो जाऊ शकतो.

आमच्या गाडीला पापुद्रे नव्हते. जाळं मात्र घनदाट होतं.

आता हे जाळं विणलं कुणी? ऐकून नवल वाटेल, ते रोज सकाळच्या पुसण्यानं विणलं जातं. आमच्या वसाहतीत सकाळी उठून पाहा. ज्याच्या त्याच्या हातात जुनं बनियन, आणि कोरड्या गाडीवर झपाझप हात चाललेले. गाडी धुणारा मुलगा असेल, तर एका बादलीत दहा गाड्या. आमच्या भागातल्या धुळीत कोळशाची भुकटी असते, दगडाची कच असते आणि राख असते. आजी राखेनं भांडी का घासायची? राखेत बारीक, टणक कण असतात, ते मळ खरवडून काढतात म्हणून. आपण रोज सकाळी गाडीला नेमकं तेच करतो, राखेनं घासतो! फरक इतकाच, की आजीचं पातेलं जाड होतं. गाडीच्या रंगावरचा पारदर्शक थर, ज्याला क्लिअर कोट म्हणतात, तो साधारण चाळीस-पन्नास मायक्रॉनचा असतो. आपल्या डोक्याचा केस सत्तरेक मायक्रॉनचा धरतात. म्हणजे गाडीची सगळी झळाळी केसाहूनही पातळ थरात! तबकाचा मुलामाच म्हणा ना.

आणि हे नीट ध्यानात घ्या. पॉलिश करणं म्हणजे काही चढवणं नव्हे. पॉलिशमध्येही घासणारे कण असतात, फक्त ते अगदी बारीक आणि एकसारखे असतात. ते वरचा थर किंचित झिजवून ओरखड्याच्या कडा सपाट करतात. म्हणजे प्रत्येक पॉलिशला आपण मुलाम्यातून थोडं खर्च करतो. ठेव मोडण्यासारखंच आहे हे. मोडावी लागली तर मोडावी, पण जेवढ्यास तेवढी.

म्हणून मशीन हातात घेण्यापूर्वी गाडीचं न्हाणं नीट व्हायला हवं. आधी नुसत्या पाण्याची धार सोडून सुटी धूळ वाहून जाऊ द्या. मग दोन बादल्या घ्या, एकीत गाडीचा शाम्पू, दुसरीत साधं पाणी. मऊ फडकं शाम्पूत बुडवा, थोडा भाग पुसा, साध्या पाण्यात खळबळून काढा, मगच पुन्हा शाम्पूत. वरून खाली या, कारण सगळ्यात जास्त कच खालच्या पत्र्यावर असते. बोअरचं क्षाराचं पाणी अंगावर वाळू देऊ नका, पांढरे ठिपके पडतात. धुतल्यावर हात पातळ प्लास्टिकच्या पिशवीत घालून पत्र्यावरून फिरवा. रव्यासारखं काही लागलं, तर धूळ रुतून बसलीय असं समजा. त्यासाठी मळलेल्या कणकेसारखी क्ले मिळते. शाम्पूचं पाणी शिंपडून ती अलगद फिरवायची. मळली की घडी घालून स्वच्छ बाजू वर घ्यायची. जमिनीवर पडली, तर मात्र जीव गुंतवू नका, टाकून द्या. मातीत पडलेल्या गोळ्याच्या कुणी पोळ्या लाटतं का?

आता मशीन. बाजारात दोन जातीची असतात. एक नुसतं गरगर फिरणारं. ते सरावलेल्या हाताचं काम. शेजारच्या काकूंची गाडी एका दुकानातून अशा मशीनवर घासून आली, तर दाराच्या कडेला रंग करपून खालचा पत्रा दिसत होता. एकाच जागी फिरत राहिलं की उष्णता साठते, आणि कडांवर रंग मुळातच पातळ असतो. दुसरं ड्युअल ॲक्शन, म्हणजे दुहेरी गतीचं. मी शाळेत अर्धवेळ भूगोल शिकवते, म्हणून मला ते पटकन कळलं. परिवलन आणि परिभ्रमण! पॅड स्वतःभोवती फिरतं आणि त्याच वेळी एका छोट्या वर्तुळातही फिरतं. त्यामुळे तोच कण त्याच वाटेनं पुन्हापुन्हा जात नाही, उष्णता वाटली जाते आणि नव्या रेघा उमटत नाहीत. फार दाबलं तर पॅडचं परिवलन थांबतं, नुसती थरथर उरते. शिकणाऱ्या हाताला हे वरदानच. पण मग कामही होत नाही, हे विसरू नका. युक्ती सांगते. पॅड ज्या चकतीवर बसतं, तिच्या कडेला मार्करनं एक रेघ मारा. मशीन चालू असताना रेघ फिरताना दिसली, तर दाब बरोबर. थांबली, तर हात हलका करा.

मशीन, दोन जातीची फोमची पॅड आणि पॉलिशच्या दोन बाटल्या, सगळं मिळून रंगाच्या खर्चापुढे किरकोळ होतं. जानेवारीचे चार रविवार घेतले. आमच्याकडे मे महिन्यात पारा पंचेचाळीसच्या वर जातो, तेव्हा पत्रा तव्यासारखा तापतो आणि पॉलिश त्यावर लगेच वाळून बसतं. म्हणून थंडीची सकाळ, सावली आणि हाताला गार लागणारा पत्रा हवा.

काम सुरू करताना ओढणी काढून ठेवा, केस घट्ट बांधा, मंगळसूत्र आत घाला. बांगड्या-अंगठ्याही उतरवा, नाहीतर एक ओरखडा काढताना दुसरा पाडाल. वायर खांद्यावरून पाठीमागे टाका. तीन पिनांचा प्लग आणि कोरडी जमीन हवीच. काळ्या प्लास्टिकच्या पट्ट्या, रबर आणि पत्र्याच्या धारदार कडा यांवर मास्किंग टेप लावा. प्लास्टिकवर पॉलिश वाळलं की पांढरे डाग काढता काढता जीव जातो.

पहिल्यांदा बॉनेटचा एक कोपराच घ्या, दीड फूट बाय दीड फूट. सगळ्यात मऊ पॅड, सगळ्यात सौम्य पॉलिश. पॅडवर हरभऱ्याएवढे चार थेंब पुरतात. भाजीत तेल जास्त झालं म्हणून भाजी चांगली होत नाही, तसंच हे. मशीन बंद असताना पॅड पत्र्यावर टेकवा, मग सुरू करा. बंद करूनच उचला. ताकातून विजेची रवी चालू असताना वर काढली तर ओट्याचं काय होतं, आठवा! आधी सगळ्यात कमी वेगावर पॉलिश पसरवा, मग वेग चार-पाचवर न्या. हात अगदी सावकाश, सेकंदाला इंचभर. आधी आडवे पट्टे, मग उभे, प्रत्येक पट्टा आधीच्या अर्ध्यावरून. अशा चार-सहा फेऱ्या झाल्या की थांबा आणि मायक्रोफायबरच्या स्वच्छ फडक्यानं पुसा.

मग खरी परीक्षा. पॉलिशमधलं तेल ओरखड्यांत भरून बसतं आणि गाडी नवी झाल्याचा आभास होतो. आयसोप्रोपिल अल्कोहोलमध्ये पाणी मिसळून त्यानं तो भाग पुसा, मग टॉर्च धरा. जाळं गेलं असेल, तर सगळ्या गाडीला हेच सौम्य औषध. राहिलं असेल, तरच थोडं कडक पॅड किंवा जास्त घासणारं पॉलिश, आणि शेवटी पुन्हा सौम्य. तापाला आधी साधी गोळी देतो ना, तसंच. दर भागानंतर पॅड ब्रशनं झाडायला विसरू नका. निघालेल्या रंगाचा लगदा त्यात साठतो आणि मग पॅड घासण्याऐवजी नुसतं माखत राहतं.

पहिल्या रविवारी शेजारच्या काकू फाटकाशी थबकल्या. "काय करून राहिल्या बाई?"

"ताक घुसळून राहिली," मी म्हटलं.

चौथ्या रविवारी त्याच काकू बॉनेटमध्ये वाकून आपला चेहरा बघत होत्या.

अगदी नवी कोरी झाली का? नाही. दारावरचे दोन खोल ओरखडे आहेत तसेच आहेत. छपरावर पक्ष्यांच्या विष्ठेनं खाल्लेला एक डाग आहे. ते काढायच्या नादात मी थर पातळ केला नाही. पण गाडी निळी दिसायला लागली. वर संरक्षणाला मेणाचा हात दिला. आमच्या उन्हात तो फार टिकत नाही, दोन-तीन महिन्यांनी पुन्हा द्यावा लागतो. पण मेण दिल्यानं थर झिजत नाही, म्हणून त्याची भीती नाही. गाडी विकायचा विषय निघाला नाही आणि रंगाचे पैसे वाचले. जूनमध्ये त्याच गाडीतून लेकीला वसतिगृहात सोडून आलो. सासूबाई अजूनही दर महिन्याला तिच्यातूनच येतात.

एक गोष्ट मात्र मनातून जात नाही. आठवडाभर उघड्यावर राहिलेली गाडी धुतल्यावर बादलीत जे काळं पाणी उरतं, ते मोरीत ओतताना हात थबकतो. त्याच हवेत आपण आणि आपली मुलं श्वास घेतो. २००९ साली केंद्रीय प्रदूषण नियंत्रण मंडळानं देशातल्या औद्योगिक पट्ट्यांचं मोजमाप केलं, तेव्हा अतिप्रदूषित ठरलेल्या ठिकाणांत चंद्रपूर अगदी वरच्या ओळीत होतं. गाडीचा थर संपला, तर ती रंगवून मिळते. छातीला तशी सोय नाही. हवा काही एकटीच्या हातात नाही, पण घर आहे. म्हणून गाडीचा नियम मी घरालाही लावला. कोरडं झटकणं बंद. खिडक्या, कपाटं, पंख्याची पाती, सगळं ओल्या फडक्यानं. झाडूनं उडालेली राख तासाभरानं पुन्हा खालीच बसते, आणि मधल्या वेळात कुणाच्या तरी नाकात जाते.

मशीन आता डब्यात आहे, पॅड धुऊन, सावलीत वाळवून ठेवलीत. वर्षभर तरी ते निघायचं नाही. वसाहतीत कुणी मागायला आलं, की मी आधी विचारते, "गाडी सकाळी कोरडीच पुसता का?" उत्तर 'हो' आलं, तर मशीन देत नाही. दोन बादल्या देते.