आतली कडी

खेडच्या स्टेशनावर उतरून दापोलीची एस.टी. धरली, की चढण चढता चढता मुंबईतला माणूस हळूहळू कोकणातला होऊ लागतो. निदान माझे तरी तसे होते. परंतु २०२० च्या पावसाळ्यानंतर मी गेलो, तेव्हा मन काही रमेना. ३ जूनच्या 'निसर्ग' वादळाने दापोली तालुक्याची वाताहत केली होती. आंजर्ल्याकडच्या आमच्या घराची कौले वाडीभर विखुरली होती, आढे मोडले होते, माड-पोफळी आडव्या झाल्या होत्या.

आम्ही सख्खे-चुलत मिळून पाच बिऱ्हाडे. कोणी दादरला, कोणी पुण्याला, एक तर थेट बडोद्याला. एरवी पाच जणांची पाच मते. पण घर पुन्हा उभे करायचे यावर एकमत झाले. माझा जन्म नकाशे काढण्यात गेलेला, म्हणून आराखड्याचे काम माझ्या गळ्यात पडले.

पहिला नकाशा मी मुंबईतच काढला. एका छपराखाली पाच ब्लॉक, प्रत्येकाला आपापले स्वयंपाकघर! गावच्या गवंड्याने तो उलटसुलट पाहिला आणि विचारले, "भाऊ, पडवी कुठाय? पाऊस नैर्ऋत्येकडून येतो. तुमच्या या भिंती चार महिने भिजत राहणार."

मग त्याने मला धडेच दिले. जांभ्याचा चिरा खाणीतून निघताना नरम असतो, उघड्यावर वारा लागला की कठीण होतो. कौलांना उतार भरपूर हवा. आणि पडवी शोभेची नव्हे, ती भिंतीची छत्री. पावसाच्या बाजूला झापांचा आडोसा बांधायचा तोही तिच्याच खांबांना.

खजील होऊन मी दुसरा नकाशा काढला, तो थेट जुन्या घराचाच. पुढे ओटी, मध्ये माजघर, एका अंगाला देवघर, मागे स्वयंपाकघर आणि भोवती पडवी. सगळ्यांना भरून आले. गणपतीत तीस-तीस पाने उठत, रात्री माजघरात ओळीने अंथरुणे पडत, त्या आठवणींना नुसता ऊत आला. आत्या तेवढी गप्प होती.

आत्या चोविसाव्या वर्षी कपाळ पुसून माहेरी आली, ती कायमची. ही १९६० सालची गोष्ट. तेव्हापासून घराच्या किल्ल्या तिच्या कनवटीला. संध्याकाळी ती सुपारी सोलीत बसली असता मी विचारले, "आत्या, नकाशा आवडला नाही का तुला?"

"चांगला आहे रे. भाताला कणगी आहे, देवाला देवघर आहे, बाळंतिणीलासुद्धा खोली होती आपल्याकडे. मी साठ वर्षे माजघराच्या कोपऱ्यात निजते. लुगडे बदलायचे तर स्वयंपाकघराचे दार लोटून घ्यायचे, नि रडायचे तर विहिरीवर जायचे. आतून कडी लागेल अशी एक खोली मला देशील?"

मला काय बोलावे ते सुचेना. ज्या माजघराच्या आठवणीने आमचे डोळे पाणावत होते, त्यातला तिचा कोपरा आम्हांपैकी एकालाही कधी दिसला नव्हता.

तिसरा नकाशा मी तिथेच ओटीवर बसून काढला. ओटी एकच, चूल एकच, देवघर एकच. पण माजघराच्या दोन्ही अंगांना सहा लहान खोल्या: पाच बिऱ्हाडांच्या पाच आणि सहावी आत्याची. तिची पूर्वेकडे, न्हाणीघराला लागून, अडखळायला नको म्हणून बिनउंबरठ्याची. माजघर त्यामुळे चार हात आखडले. थोडी कुरकुर झाली, पण टिकली नाही.

गावी घर बांधायला काढलेल्या वाचकांना माझे एवढेच सांगणे आहे: ओटी मोठी ठेवाच; पण नकाशा पक्का करण्यापूर्वी घरात सर्वांत कमी बोलणाऱ्या माणसाला एकदा विचारा.

२०२२ च्या गणपतीला आम्ही सारे नव्या घरात जमलो. आरत्या झाल्या, पाने उठली, पोरांचा गोंधळ मध्यरात्रीपर्यंत चालला. मग "निजते रे आता," म्हणून आत्या खोलीत गेली आणि आतून कडी लागल्याचा आवाज आला.

सकाळी ती चांगली तासभर उशिरा उठली. चहाचा कप हातात घेत मला म्हणाली, "कडी जरा घट्ट बसते. पण सुताराला सांगू नकोस हो. असू दे तशीच!"