क्रोम, खड्डे आणि बाबांची आरएक्स

क्रोम गंजत नाही. खरंच! गंजतं ते खालचं लोखंड. क्रोम बिचारं उगाच बदनाम होतं.

बाबांची आरएक्स १०० ही १९९१ची गाडी. रत्नागिरीच्या घरी पडवीत, समुद्रापासून हाकेच्या अंतरावर, किती पावसाळे उभी होती देव जाणे. आता बाबा रिटायर झालेत आणि त्यांना ती परत चालवायचीय. आरे-वारेच्या घाटातून गणपतीपुळ्यापर्यंत. आईचं मत एका वाक्यात: "भंगारवाल्याला द्या." मी पुण्याहून एक वीकांत सोडून एक जातो आणि ताडपत्री पसरून बसतो.

तर क्रोमबद्दल. सायलेन्सरवर, रिमवर जी चमक दिसते ती खरं तर निकलची. निकलचा थर साधारण १० ते ३० मायक्रॉनचा, आणि त्यावरचं क्रोम अर्ध्या मायक्रॉनहूनही पातळ. आपला केस ७० मायक्रॉनच्या आसपास असतो, म्हणजे विचार करा. एवढ्या पातळ क्रोमला डोळ्यांना न दिसणाऱ्या भेगा असतातच. खारी हवा त्यातून आत शिरते. आजूबाजूचं सगळं क्रोम शाबूत असतं, त्यामुळे सगळा हल्ला त्या एवढ्याशा भोकावर एकवटतो. म्हणून पत्रा सरसकट न गंजता टाचणीने टोचल्यासारखे खड्डे पडतात. पुढे खालचा गंज फुगतो आणि वरचा पापुद्रा उचलतो.

वरवरचा तांबडा गंज काढायला स्वयंपाकघरातली अॅल्युमिनियम फॉइल पुरते. चुरगळून पाण्यात बुडवायची आणि हलक्या हाताने घासायचं. अॅल्युमिनियम क्रोमपेक्षा मऊ, त्यामुळे ओरखडे पडत नाहीत. सायलेन्सर तासाभरात असा उजळला की आईसुद्धा बाहेर येऊन बघून गेली. संडास साफ करायचं अॅसिड मात्र गाडीच्या जवळही आणू नका. ते क्रोमच खाऊन टाकतं आणि खड्ड्यात क्लोराइड सोडून जातं, म्हणजे पुढच्या गंजाची सोय.

पण गंज गेला तरी खड्डा राहतो. काळे ठिपके तसेच. घासून ते जात नाहीत, कारण घासायला खाली काही उरलेलंच नसतं. इंजिनच्या कव्हरचं तसं नाही. ते आरपार अॅल्युमिनियम. पांढरी भुकटी झाली असेल तर ४०० नंबरचा पॉलिश पेपर, मग ८००, मग १५००, नंतर बफिंग. वेळ जातो, पण खड्डा खरंच जातो. (हे काम मला मनापासून आवडतं. ऑफिसात शेवटचं काय खरंच 'गेलं' होतं ते आठवत नाही.)

खरी भांडणं झाली ती पुढच्या शॉकअपवरून. बाबांना सायलेन्सरचे ठिपके खुपत होते आणि मला शॉकअपच्या पाइपवरचे. सायलेन्सरला ठिपके असले म्हणून कुणी पडत नाही. पाइपवर ऑइल सील खालीवर घासतं. खड्ड्याची कड धारदार असली की सीलला चिरते, तेल बाहेर, आणि शॉकअप नुसता स्प्रिंगसारखा उड्या मारतो. आरे-वारेच्या उतारावर, साठीच्या पुढच्या माणसाबरोबर, मला हे चालणार नव्हतं.

"अरे, पुसून घे ना, काही होत नाही," बाबा.

"बाबा, सील तीनदा बदललं तरी तीनदा फाटेल."

मग खड्डे मोजले. वरच्या क्लॅम्पच्या आत असलेल्यांना सोडून दिलं, तिथे सील पोचतच नाही. उजव्या पाइपला सीलच्या वाटेत दोन बारीक होते. तेलाच्या दगडाने कडा मोडल्या, सुईने आतला गंज उकरला, थिनरने पुसून इपॉक्सी भरलं. एक दिवस वाळू दिलं आणि २०००च्या पेपरने पाणी लावून घासलं, नख फिरवलं तर अडणार नाही इतपत. डाव्या पाइपला मात्र बोटभर पट्टा खाल्लेला होता. तिथे इपॉक्सी म्हणजे मनाचं समाधान. हार्ड क्रोम करायचं तर पाइप ग्राइंड करून, प्लेटिंग करून परत मापात ग्राइंड करावा लागतो. त्यापेक्षा नाना पेठेतून नवा पाइप आणला. बाबा म्हणाले, "ओरिजिनल गेला." गेला.

आता त्यांना रिम क्रोम करायच्यात. त्यासाठी सगळे स्पोक काढायचे, जुना थर उतरवायचा, खड्डे बफ करून घालवायचे, मग निकल, मग क्रोम. चौकशीला गेलो त्या वर्कशॉपमध्ये क्रोमिक अॅसिडच्या टाकीशेजारी एक पोरगा तोंडाला साधा रुमाल बांधून उभा होता. त्या वाफेतल्या हेक्साव्हॅलंट क्रोमियमने कॅन्सर होतो हे सिद्ध झालेलं आहे. मी रिम परत घेऊन आलो. बाबांना अजून कारण सांगितलेलं नाही, दर जास्त सांगितला म्हणालोय. सध्या रिमवर मेण चोळलंय, आणि पुढच्या शनिवारी तेल भरून शॉकअप बसवायचेत.