चौथा कोपरा

हॉलमधल्या कपाटावर ती भिंतीकडे पाठ करून बसते. वीतभराहून थोडी लांब, चार बोटं उंच, जुन्या सागाच्या रंगाची. बिजागरी नाही, कडी नाही, कुलूप तर नाहीच. दागिना म्हणाल तर प्रत्येक कोपऱ्यावर शिसवीच्या दोन काळ्या रेघा, एवढाच. तरी घरी आलेला माणूस चहा येईपर्यंत तिला हातात घेतोच. आधी झाकण उचलतो, आतला वास घेतो, झाकण परत ठेवतो आणि मग त्याचं बोट कोपऱ्यावर जातं. लाकडाची रेषा फळीवरून सरळ चालत येते, कोपऱ्यावर वळते आणि काही घडलंच नाही अशा थाटात पुढच्या बाजूला लागते. "हे जोडलंय कुठं?" असं विचारलं की मी हसतो, ती गप्प राहते. तीन कोपरे ती कुणालाही खुशाल बघू देते. चौथा भिंतीकडे.

पेटीचं खानदान तसं मोठं. आंब्याची पेटी गावाकडची, चार खिळ्यांवर उभी राहणारी. मोसम संपला की बंबात जायला तयार. दानपेटी देवळातली, घ्यायला पटकन आणि द्यायला कुलूप. मतपेटी सरकारी नोकरीतली. हार्मोनियमला आपण पेटीच म्हणतो, म्हणजे घराण्यात गाणंही आहे. मुंबईतल्या काही व्यवहारांत 'एक पेटी' म्हणजे एक लाख, ती नातेवाईक आम्ही फारशी सांगत नाही. एक शाखा विलायतेला पोचलेली आहे. एकोणिसाव्या शतकात मुंबई-सुरतेचे कारागीर हस्तिदंत, शिंग, आबनूस, कथील यांच्या बारीक कांड्या एकत्र चिकटवत, त्या जुडीच्या आडव्या पातळ चकत्या कापत आणि पेटीच्या अंगावर नक्षी म्हणून बसवत. साहेबाच्या घरात त्या 'बॉम्बे बॉक्स' म्हणून गेल्या. अंगभर एवढे दागिने, की सांधे कसे आहेत हे कुणी विचारूच नये.

पण आमच्या हिची खरी थोरली म्हणजे आजीची फणेरपेटी. झाकणाच्या आत आरसा, खाली फणी, मेण, कुंकू यांचे कप्पे. तिचे कोपरे दातांत दात अडकवून जोडलेले. फळीची टोकं कुठं संपतात, कोणता दात कोणाच्या पोटात शिरलाय, सगळं बाहेरून दिसतं. जुन्या बायकांसारखी ती स्पष्ट. संसार कसा जोडलाय ते लपवत नाही. आमची ही नव्या वळणाची. हिच्या प्रत्येक फळीचं टोक पंचेचाळीस अंशांत तिरकं कापलेलं. दोन तिरकी टोकं एकमेकांना भिडली की काटकोन होतो आणि दोन्ही टोकं आत लपतात. आपण कुठं संपतो हे हिला कुणाला कळू द्यायचं नसतं.

हा तोरा महागात पडतो. चार कोपरे म्हणजे आठ काप. पंचेचाळीस आठे तीनशे साठ, हा पाढा लाकडाला पाठ असतो, माणसाला नसतो. प्रत्येक कापात अर्धाच अंश कमी पडला, तर डोळ्याला दिसत नाही, गुण्या लावूनही चटकन कळत नाही. पहिला कोपरा मिटतो, दुसरा मिटतो, तिसराही मिटतो. शेवटी आठांचे चार अंश होऊन चौथ्या कोपऱ्यात उभे राहतात. फळी दहा मिलिमीटर जाड असेल तर तिथं एक मिलिमीटरची फट. किरकोळ उधारी वर्षभर वहीत साठावी आणि दिवाळीला वाण्यानं एकदम आकडा सांगावा, तसं. काप कमी पडला तर फट बाहेरून दिसते, जास्त झाला तर आतून. म्हणून हात बसलेले लोक मुद्दाम कणभर जास्त कापतात. बाहेर अब्रू राहिली की आतलं आत बघता येतं.

हिचं माहेर पुण्यातला एक वाडा. कुठला ते मला माहीत नाही. मंगळवार पेठेतल्या जुन्या बाजारात एका ताडपत्रीवर कडीपाटाच्या फळ्या पडल्या होत्या. वरून धूर आणि चुन्याचा थर, टोकांना लोखंडी खिळ्यांची भोकं आणि भोकांभोवती लाकडात उतरलेला काळा डाग. कित्येक वर्षं ही फळी कुणाच्या तरी डोक्यावर छत म्हणून होती. घरी आणली, आमच्या ड्राय बाल्कनीत, कपडे धुण्याच्या मशीनशेजारी. माझा कारखाना तेवढाच आहे. मशीन फिरायला लागलं की मी करवत थांबवतो. रंध्याचा पहिला हात फिरला आणि काळ्या पापुद्र्याखालून मधासारखा साग निघाला. वास असा, की स्वयंपाकघरातून "काय तापवताय?" अशी विचारणा झाली.

रेषा कोपऱ्यावरून वळवायची तर चारही बाजू एकाच फळीतून, एकापाठोपाठ कापाव्या लागतात. लांब, आखूड, लांब, आखूड. कापलेल्या क्रमानं जोडल्या की पहिल्या तीन कोपऱ्यांवर रेषा जुळते, कारण तिथं शेजारी शेजारीच राहिलेले असतात. चौथ्या कोपऱ्यावर मात्र फळीचं पहिलं टोक आणि शेवटचं टोक भेटतं. एक बुंध्याकडचं, एक शेंड्याकडचं. त्यांची ओळख कुठून असणार? यावर उपाय आहे. जाड फळी जाडीतून उभी चिरायची, पुस्तकासारखी उघडायची आणि आतल्या बाजू बाहेर आणायच्या. मग चारही कोपरे जुळतात. पण माझी फळी साफ करता करता चौदा मिलिमीटर उरली होती. ती चिरली असती तर पेटी नव्हे, काडेपेटी झाली असती. लांबीही जेमतेम, ८४० मिलिमीटर. त्यामुळे खिळ्याचं एक भोक टाकून देता आलं नाही. खिळे फळीच्या टोकालाच असतात, आणि टोक कुठं येतं ते वर सांगितलंच.

जोडणीचा दिवस मला लग्नघरासारखा वाटतो. सगळी तयारी हाताशी हवी, कारण एकदा गोंद लागला की वेळ आपली नसते. तिरक्या साच्यावर रंधा मारून आठही टोकं साफ केलेली. समोरासमोरच्या बाजू केसाचाही फरक न राहता सारख्या. मग चारही फळ्या बाहेरचं अंग वर करून एका ओळीत टेबलावर मांडायच्या, टोकाला टोक, आणि सांध्यांवर चिकटपट्टी ताणून लावायची. सगळी माळ उलटी केली की आत तीन खाचा उघड्या दिसतात. तिथं गोंद. तिरक्या टोकाला लाकडाच्या नळ्या अर्ध्या उघड्या पडलेल्या असतात, त्या तहानलेल्या माणसासारख्या गोंद पितात. म्हणून पहिला हात पातळ, तो मुरू द्यायचा, मग दुसरा. आणि मग ती सुरळीच्या वडीसारखी गुंडाळत न्यायची. पहिला कोपरा मिटतो, दुसरा, तिसरा, आणि दोन अनोळखी टोकं समोरासमोर येतात.

पूर्वी या कामाला सरस असे. कारागीर तो भांड्यात तापवायचा, त्याचा वास गल्लीभर, आणि थंड व्हायच्या आत काम उरकायची घाई. १९५९ साली फेव्हिकॉल आला आणि सुतारकामातली ती शेगडी हळूहळू विझली. पांढऱ्या गोंदानं दहा मिनिटांची सवड दिली. त्या दहा मिनिटांत मी दोन्ही कर्ण मोजतो. सारखे आले तर पेटी काटकोनात आहे, नाही तर तिरपी बसलीय, कूस बदलून घ्यावी लागते. त्या दिवशी कर्ण सारखे आले. चौथ्या कोपऱ्यात मात्र नखाची कड शिरेल एवढी रेघ उघडी राहिली. ती कशी मिटवली हे सांगायला हरकत नाही, सगळेच करतात. स्क्रूड्रायव्हरची गोल दांडी कोपऱ्याच्या धारेवरून दाबून घासली की लाकडाचे धागे दोन्हीकडून वाकून फटीवर पडतात. घासताना मी खिडकीकडे पाठ केली होती. का, ते मला विचारू नका.

ती जन्मली तेव्हा तिला तोंड नव्हतं. तळ आणि छत खाचेत आधीच बसवलेले, सहाही बाजूंनी बंद लाकडी वीट. रात्रभर मी तिला हलवून बघत होतो, आत काहीच नाही हे माहीत असून. दुसऱ्या दिवशी चारही बाजूंनी रेघ मारून करवतीनं झाकण वेगळं केलं. तीन बाजू कापून झाल्या की कापलेल्या चिरेत पुठ्ठ्याचे तुकडे घालून वरून पट्टी लावतात, नाही तर चौथी बाजू कापताना झाकण खाली बसून करवत आवळतं. झाकण वेगळं झालं आणि ती पहिल्यांदा श्वास घेतल्यासारखी उघडली. झाकण आणि अंग एकाच शरीराचं असल्यामुळे रेषा खालपासून वरपर्यंत जुळते, पण एकाच दिशेनं. उलटं फिरवलं तरी बसतं. मात्र उलट्या बटणांचा शर्ट घातल्यासारखी ती दिवसभर कपाटावर फुगून बसते.

एवढ्या दिमाखाची, पण मनानं कच्ची. दातांचा सांधा गोंद सुटला तरी धरून राहतो. हिच्या कोपऱ्याला धरायला काहीच नाही, सगळा भार गोंदावर. हातातून पडली तर आधी कोपरा उघडणार. त्यावर जो इलाज आहे तोच हिचा दागिना. कोपऱ्यावर आडवे काप घ्यायचे, त्यात तीन मिलिमीटर जाडीच्या शिसवीच्या पट्ट्या गोंद लावून सरकवायच्या, सुकल्यावर बाहेर आलेला भाग पटाशीनं छाटून रंध्यानं सपाट करायचा. पट्टी दोन्ही बाजूंच्या आत शिरून त्यांना धरून ठेवते. लोक म्हणतात, काय नाजूक काम आहे. ते मलमपट्टीचं काम आहे, एवढंच की मलमपट्टी काळ्या शिसवीची आहे.

हिच्या आधी एक झाली होती, तिचं नाव घरात फारसं निघत नाही. तिच्यासाठी मी साग वापरला होता आणि तळाला आंब्याची रुंद फळी. मे महिन्यात बनवली, तळ चारही बाजूंनी गोंदानं पक्का केला आणि मजबूत झाली म्हणून खूश झालो. लाकूड पावसाळ्यात लांबीला वाढत नाही, रुंदीला फुगतं, हे मला पुस्तकातून माहीत होतं. पण पुस्तकातलं माहीत असणं वेगळं. जुलैत तळ मिलिमीटर-दीड मिलिमीटर रुंद झाला, त्याला सरकायला जागा नव्हती. एका रात्री 'टक्' असा आवाज आला. सकाळी कोपरा उघडलेला, आतला पांढरा गोंद दिसत होता. तेव्हापासून तळ खाचेत सैल ठेवतो, गोंदाचा थेंब नाही. भिंतींचं तसं नसतं. चौघींच्याही रेषा आडव्या, त्यामुळे पावसाळ्यात चौघी मिळून केसभर उंच होतात आणि दिवाळीनंतर मिळून खाली येतात. भांडण नेहमी तळाशी होतं.

परवा शेजारच्या फ्लॅटमध्ये स्वयंपाकघराचं काम निघालं होतं. तिथले मिस्त्री साताऱ्याकडचे, साठीच्या पुढचे. पाणी प्यायला आले आणि पेटी दिसली. मला जरा छाती फुगवावीशी वाटली. मी म्हणालो, "बघा बरं मिस्त्री, कशी वाटते." पाहुण्यांसारखं झाकण उघडलं नाही त्यांनी. पुढचे कोपरेही बघितले नाहीत. दोन्ही हातांनी उचलली, सरळ पाठ फिरवली आणि अंगठा चौथ्या कोपऱ्यावर ठेवला. वरून खाली, सावकाश. वाकलेले धागे, न जुळणारी रेषा, खिळ्याचा काळा डाग, सगळ्यांवरून अंगठा गेला.

"हितं मिटवली व्हय," ते म्हणाले.

"हो. जरा फट राहिली होती."

"ऱ्हाणारच की, साहेब. शेवट हाय न्हवं त्यो." पेटी जागेवर ठेवली, पाणी प्यायले आणि गेले. बाकीच्या तीन कोपऱ्यांबद्दल अवाक्षर नाही.

बरेच दिवस ती रिकामी होती. आत काय ठेवायचं हा प्रश्न प्रत्येक पेटीला लग्नाच्या मुलीसारखा विचारला जातो. शेवटी आमच्या मंडळींनी तो निकालात काढला. एका सकाळी बघतो तर आत साडीच्या पिना, ब्लाउजचे हूक, दोन सुया, दुधाच्या कुपनांचा गठ्ठा आणि रबरबँड. आणि पेटी फिरवलेली. ही डावखुरी आहे. झाकणाला मागच्या बाजूनं बोट लावून उचलणं तिला सोयीचं पडतं, म्हणून पाठ पुढं आणि पोट भिंतीकडे.

"अगं, उलटी ठेवलीस," मी म्हणालो.

"मला अशीच बरी पडते," ती म्हणाली आणि पिन घेऊन निघून गेली.

मी पेटी सरळ करायला हात पुढं केला. कपाटावर सकाळचं ऊन आलं होतं, खिळ्याच्या डागावर पडलं होतं. आत रबरबँड आणि कुपनं होती. फिरवली असती तर सगळं विस्कटलं असतं. राहू दिली.