जामीन राहणे

गेल्या महिन्यात इंग्रजीचे शिक्षक रजेवर असल्याने नववीचा तो तास मजकडे आला. धड्याखालच्या अभ्यासात 'बेल आउट' हे क्रियापद होते. मुलांना हसू आवरेना. महाकाळाच्या नगरीत बेल म्हणजे बिल्वपत्र! अर्थ विचारताच एकाने सांगितले, "जमानत पर छुड़ाना." रामघाटावर नाव चालविणाऱ्याचा मुलगा मात्र गप्प बसला होता. नावेत साचलेले पाणी डब्याने उपसून बाहेर टाकण्याची क्रिया मी हातांनी करून दाखविली, तेव्हा तो उठून म्हणाला, "सर, यह तो हम रोज करते हैं."

घरी कोश उघडला. पाणी उपसण्याचा 'बेल' जुन्या फ्रेंचमधील बादलीवाचक शब्दापासून निघालेला. न्यायालयातला 'बेल' हवाली करणे या अर्थाच्या दुसऱ्या शब्दापासून. दोहोंचे मूळ कोशकार लॅटिनमधील भारवाहकापर्यंत, म्हणजे आपल्या हमालापर्यंत नेऊन पोहोचवितात. पुढे विमानातून पॅराशूटने उडी टाकण्यासही हेच क्रियापद लागले, आणि २००८ साली अमेरिकेने बुडत्या बँकांसाठी ७०० अब्ज डॉलरांची तरतूद केली, तेव्हा ते वृत्तपत्रांतून घरोघरी आले.

मला खटकले ते निराळेच. बुडत्याला वर काढणारा 'बेल आउट' करतो, आणि संकटात सोबत्यांना टाकून स्वतः उडी मारणाराही 'बेल आउट'च करतो. तारणारा आणि पळणारा यांना एकच क्रियापद!

आपल्याकडे अरबीतून आलेला 'जामीन' हा मुळात माणूस आहे, हमी घेणारा. हिंदीने 'जमानत' हे भाववाचक नाम उचलले. आपण माणूस उचलला आणि त्याला क्रियापद जोडले 'राहणे'. आता न्यायालयात जामीन 'मिळतो' हे खरे. पण कर्जापायी मनुष्य अजून जामीन राहतोच.

आमचे तीर्थरूप असे राहिले होते. १९८३ साली एका सहकाऱ्याच्या कर्जास त्यांनी सही दिली. वर्षाच्या आत ते गृहस्थ बदली घेऊन दूर गेले आणि हप्ते थांबले. १८७२ च्या करार कायद्याच्या १२८ व्या कलमाप्रमाणे, वेगळे काही ठरलेले नसेल तर जामीनदाराची जबाबदारी ऋणकोइतकीच असते. आम्हा भावंडांना ते कलम पुस्तकाआधी ताटात दिसले. चार वर्षे वडिलांचा पगार कापून येत असे. मातोश्रींच्या पाटल्या गेल्या, त्या परतल्या नाहीत. त्या गृहस्थांविषयी घरात वावगा शब्द काढण्याची वडिलांची आम्हांस मनाई होती. "त्यांचीही मुले तुमच्याच वयाची आहेत," एवढेच ते म्हणत. हे औदार्य मला तेव्हा पटले नाही, आजही पुरते पटत नाही. पाटल्या वडिलांच्या नव्हत्या, आणि सही करण्यापूर्वी त्यांनी आईला विचारल्याचे मला आठवत नाही.

गेल्या आठवड्यात आमच्या शाळेतील एक तरुण शिक्षक बहिणीच्या लग्नाकरिता कर्जाचा अर्ज घेऊन आले. जमानतदाराच्या रकान्यात माझे नाव त्यांनी आधीच पेन्सिलीने लिहून आणले होते. मी अर्ज ठेवून घेतला आणि सायंकाळी सौभाग्यवतींच्या हाती दिला. त्यांनी चष्मा लावून तो शेवटपर्यंत वाचला, हप्ता किती ते विचारले, त्यांच्या घरी कोणकोण असते तेही विचारले. मग म्हणाल्या, "अहो, त्यांना रविवारी जेवायला बोलवा. मग पाहू."